खवचट विनोद: बोचतो कुणाला, भरतं कोण?

कुजकट, निर्दयी आणि विक्षिप्त विनोदाच्या आवडीनिवडीबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: पडद्यावर माणसांची फजिती होते, ती एकमेकांना लागेल असं बोलतात, कधी कुणी मरतंसुद्धा, आणि मी हसत सुटतो. बायको म्हणते, तुझ्या मनातच काहीतरी खोट आहे. असेल का? (सांगली)

आवडीवरून मनाचं निदान करू नये. २०१७ साली व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी १५६ जणांना ऊली श्टाइन या जर्मन व्यंगचित्रकाराची काळ्या विनोदाची १२ चित्रं दाखवली. ज्या गटाला ती सर्वांत चांगली कळली आणि सर्वांत जास्त आवडली, तो गट बुद्धिमत्तेच्या चाचणीत पुढे होता आणि आक्रमकतेत सर्वांत मागे. चिडचिड आणि आक्रमकता जास्त असलेल्यांना हा विनोद फारसा रुचला नाही. तरीही हे कात्रण बायकोपुढे नाचवू नका. १५६ माणसं आणि एकाच चित्रकाराची डझनभर चित्रं, एवढ्यावर कुणी हुशार ठरत नाही.

त्यापेक्षा आपण नेमके कशावर हसलो ते तपासा. हसू आलं की जागीच थांबवा आणि पाहा: बोचलं कुणाला आणि त्याची किंमत कुणी भरली? कुजकट बोलणाराच शेवटी तोंडावर आपटला म्हणून हसलात, तर बहुतेक जगाची आवड तीच आहे. तो सहीसलामत सुटला तरी हसू आलं, तर तुमची चव जरा तिखट आहे, एवढंच. मात्र समोरचा दुबळा आहे, त्याला परत मारता येत नाही आणि तो दुबळा आहे हाच सगळा विनोद आहे, तिथे हसू आलं तर बायकोचं एकदा ऐकून घ्यावं.

दुसऱ्यापेक्षा आपण सरस आहोत असं अचानक वाटलं की हसू फुटतं, असं टॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५१ मध्येच लिहून ठेवलं आहे. पण त्यातून अर्धंच उत्तर मिळतं. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेलं सूत्र रोजच्या वापराला जास्त सोयीचं आहे: काहीतरी मर्यादा मोडतेय हे दिसलं पाहिजे, आणि त्याच क्षणी सगळं सुखरूप आहे असंही वाटलं पाहिजे. मर्यादाच मोडली नाही तर विनोद मिळमिळीत होतो. सुखरूप वाटलं नाही तर अंगावर येतो. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हे सूत्र लागेल.

प्रश्न: अमेरिकन 'द ऑफिस' दोनदा पाहिली. मूळ ब्रिटिश मालिका मात्र वीस मिनिटांच्या वर बघवत नाही, इतकं अवघडायला होतं. माझं काय चुकतंय? (कोल्हापूर)

काहीच नाही. तुम्ही अवघडावं अशीच ती मालिका बांधलेली आहे. २००१ मध्ये बीबीसीवर आलेली, रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांनी लिहिलेली ही मालिका कागद विकणाऱ्या एका कंपनीच्या स्लाव इथल्या शाखेत घडते. सहा-सहा भागांची दोन पर्वं, २००३ च्या नाताळात दोन भागांचा शेवट, की खेळ खलास. हशाची ध्वनिफीत नाही आणि प्रसंगांखाली संगीत नाही. साहेब डेव्हिड ब्रेंट विनोद करतो, कुणी हसत नाही आणि कॅमेरा तिथून हलत नाही. इतर मालिकांत संकलक ही दोन-तीन सेकंदं कापून टाकतो. इथे मुद्दाम ती ठेवली आहेत, आणि त्या सेकंदांत कुठे बघायचं हे त्या खोलीतल्या माणसांइतकंच तुम्हालाही कळत नाही.

अमेरिकन मालिकेचा पहिला भाग २४ मार्च २००५ रोजी आला, तो जवळजवळ ब्रिटिश संहितेवरच बेतलेला होता. सहा भागांच्या त्या पहिल्या पर्वात मायकेल स्कॉट ब्रेंटसारखाच कोरडा आहे, केससुद्धा मागे चापून बसवलेले. दुसऱ्या पर्वापासून लेखकांनी त्याला मऊ केलं. तो मूर्खच राहिला, पण प्रेमाचा भुकेला झाला, आणि कधीमधी कामात खरोखर हुशार निघू लागला. 'द क्लायंट' या भागात तो एका साध्याशा हॉटेलात बसून मोठं गिऱ्हाईक पटवतो, तो प्रसंग पाहा. ही तडजोड आम्हाला गैर वाटत नाही. २०१ भाग ब्रेंटबरोबर कुणी काढू शकलं नसतं. चौदा भागच असल्यामुळे ब्रिटिशांना निर्दय राहणं परवडलं.

पुन्हा प्रयत्न करायचा तर पहिल्या भागापासून सुरू करू नका. पहिल्या पर्वाचा चौथा भाग, प्रशिक्षणाचा, आधी पाहा. ब्रेंट भर वर्गातून उठून घरी जाऊन गिटार घेऊन येतो, आणि फजिती त्याच्या एकट्याच्याच गळ्यात पडते. मग पहिल्यापासून या, एका बैठकीला एकच भाग. दुसऱ्या पर्वाचे पाचवा आणि सहावा मात्र लागोपाठ पाहा. पाचव्यात ब्रेंट शहामृगाचा पोशाख चढवून असताना नोकरी गेल्याचं कळतं, सहाव्यात तो ती वाचवण्यासाठी गयावया करतो. तिथे तुमचं अवघडणं बदलून त्याची कीव आली, तर मालिका तुम्हाला लागू पडली असं समजा आणि नाताळचे दोन भाग बघून टाका. पहिला आणि चौथा पाहूनही हात डोळ्यांवरच जात असतील तर सोडा. तुमची आवड धांदलीच्या विनोदाची असणार. त्यासाठी खालचं उत्तर वाचा.

प्रश्न: रविवारी आई-बाबा आणि आजी यांच्यासोबत बघता येईल असं काही खवचट सुचवा. आजीला इंग्रजी कळतं, पण चावटपणा चालत नाही. (नागपूर)

'फॉल्टी टॉवर्स'. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेले एकूण १२ भाग, सहा १९७५ चे, सहा १९७९ चे, प्रत्येक भाग अर्ध्या तासाच्या आसपास. टॉर्की या समुद्रकाठच्या गावातलं हॉटेल आणि गिऱ्हाइकांचा मनापासून तिटकारा असलेला मालक बेसिल. क्लीझ ज्यात होता त्या माँटी पायथन या विनोदी गटाची मंडळी १९७० मध्ये त्याच गावात उतरली होती. तिथल्या हॉटेलमालकाच्या वागण्यावरून क्लीझला हे पात्र सुचलं.

आधी 'द हॉटेल इन्स्पेक्टर्स' लावा, म्हणजे पहिल्या पर्वाचा चौथा भाग. गावात तपासनीस आलेत अशी कुणकुण बेसिलला लागते. एका कटकट्या गिऱ्हाइकाला तपासनीस समजून तो त्याच्यापुढे गोंडा घोळतो, आणि तो चमचे विकणारा निघाल्यावर सगळा अपमान व्याजासकट वसूल करतो. खरे तपासनीस तेव्हाच दारात उभे असतात. मग पाचवा, 'गूर्मे नाइट'. आचारी दारू पिऊन आडवा, जेवण दुसऱ्या हॉटेलातून आणायचं, गाडी बंद पडते आणि बेसिल झाडाची फांदी मोडून गाडीलाच बडवतो. आजीसाठी एवढा एक प्रसंग पुरेसा आहे. तिसरा 'बेसिल द रॅट', शेवटचा भाग, उंदराचा. 'द किपर अँड द कॉर्प्स'मध्ये पाहुणा खोलीतच मरतो आणि प्रेत लपवायची धावपळ सुरू होते. घरात नुकतं काही घडलं असेल तर तो भाग राहू द्या, एरवी उत्तम.

इंग्रजी उपशीर्षकं सुरूच ठेवा. बेसिल पुटपुटतो आणि त्याचे सगळ्यात विषारी टोमणे नेमके त्या पुटपुटण्यात असतात. मध्ये चहाला उठू नका. प्रत्येक भागात एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं अशी साखळी असते, आणि पाचव्या मिनिटाला ठेवलेली वस्तू पंचविसाव्या मिनिटाला लागते.

दोन गोष्टी खटकू शकतात. वेटर मॅन्युएल बार्सिलोनाचा, त्याला इंग्रजी नीट येत नाही आणि बेसिल त्याला येता-जाता टपल्या मारतो. प्रत्येक टपलीची किंमत बेसिलला मोजावी लागते म्हणून ते निभावतं, पण लहान मुलं सोबत असतील तर एकदा बोलून घ्यावं. दुसरं, 'द जर्मन्स' हा भाग. त्यात म्हातारा मेजर वंशद्वेषी शब्द वापरतो. २०२० च्या जूनमध्ये त्या कारणाने हा भाग एका वाहिनीच्या सेवेवरून उतरवला आणि नंतर सूचनेसह परत ठेवला. मेजरच्या विचारांची आम्ही खिल्ली उडवत होतो, त्यांची तरफदारी करत नव्हतो, असं क्लीझचं म्हणणं. आम्हाला ते पटतं. तरी तो भाग सहावा म्हणूनच पाहा. तोवर मेजर किती कामातून गेलेला आहे हे कळलेलं असतं.

प्रश्न: 'कर्ब युअर एन्थुझिअॅझम'मधला लॅरी बहुतेकदा मुद्द्याला धरून बोलतो. तरी त्याचाच राग येतो. का? (ठाणे)

मुद्दा बरोबर, वेळ चुकीची. तिथे तो मुद्दा काढायचा नसतो हे खोलीतल्या सगळ्यांना कळतं, त्याला कळत नाही, किंवा कळूनही राहवत नाही. ही मालिका २००० ते २०२४ चालली, १२ पर्वं, १२० भाग. संवाद लिहिलेले नसतात. साधारण सात पानांचा आराखडा असतो, कोणत्या प्रसंगात काय घडायचं एवढाच. बोलणं नट जागेवर रचतात. म्हणून माणसं एकमेकांचं वाक्य तोडतात, तोच मुद्दा पुन्हा पुन्हा उगाळतात आणि भांडण खऱ्या भांडणासारखं रेंगाळतं. तुमच्या रागाचं निम्मं कारण ते रेंगाळणं आहे.

मालिकेचा कर्ता आणि नायक लॅरी डेव्हिड याने त्याआधी 'साइनफेल्ड' या मालिकेसाठी नियमच घातला होता: शेवटी कुणी कुणाला मिठी मारायची नाही आणि कुणी काही शिकायचं नाही. १९९६ च्या एका भागात जॉर्ज या पात्राची होणारी बायको लग्नपत्रिकांची पाकिटं चाटून चिकटवताना स्वस्त डिंकाच्या विषाने मरते. पाकिटं स्वस्तातली घ्यायची हा हट्ट जॉर्जचाच. बातमी कळल्यावर ही मित्रमंडळी थोडा वेळ उभी राहतात आणि कॉफी प्यायला निघून जातात. त्या काळच्या अमेरिकन मालिकांत अशा ठिकाणी वाद्यवृंद सुरू व्हायचा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी 'साइनफेल्ड'चं पाच भागांचं पहिलं पर्व आधी घेऊ नये, ते चाचपडतं आहे. दुसऱ्या पर्वातला 'द चायनीज रेस्टॉरंट' घ्या: तिघं जण टेबलाची वाट पाहत उभे आहेत, बाकी काही घडत नाही. मग तिसऱ्यातला वाहनतळाचा भाग. ते रुचलं तर 'कर्ब'कडे वळा.

प्रश्न: आपल्याकडे विनोद म्हणजे सोज्वळ, कुटुंबाने मिळून हसायचा. हा विषारीपणा पाश्चात्त्यांकडूनच आला ना? (रत्नागिरी)

कोकणात राहून आणि शिमगा बघून हा प्रश्न? शिमग्यात गावातल्या बड्या धेंडांच्या नावाने बोंब ठोकायला वर्षातून एकदा परवानगी असते. तमाशाच्या बतावणीतला सोंगाड्या पाटलाला, सावकाराला आणि प्रेक्षकांत पुढे बसलेल्या प्रतिष्ठितांना त्यांच्या तोंडावर चिमटे काढतो. गणगौळणीत मावशी साक्षात कृष्णालाही सोडत नाही. रुखवत मांडलेलं असताना विहिणी एकमेकींना गाण्यातून जे सुनावत, ते आजच्या मंचावर कुणी म्हणणार नाही.

छापील पुरावा हवा तर १९२५ चं 'झेंडूची फुले' घ्या. केशवकुमार या नावाने आचार्य अत्र्यांनी रविकिरण मंडळाच्या कवींची सालटी काढली, त्यातही माधव ज्यूलियनांच्या फारशी वळणाची जास्त. 'परीटास' या कवितेत विरहाचा सगळा व्याकूळपणा धोब्याने नेलेल्या कपड्यांसाठी खर्च होतो. विडंबन लिहू पाहणाऱ्यांनी एक बघावं: वृत्त, शब्दकळा, उसासे सगळं मूळ कवितेचंच, बदलला फक्त विषय. वृत्त जिथे अडखळतं तिथे विडंबन संपून नुसती टिंगल उरते. आजची बहुतेक विडंबनं मात्रा न मोजल्यामुळेच पडतात.

प्रश्न: आमच्या एकांकिकेत सोसायटीचे पदाधिकारी मृत सभासदाची थकबाकी मागायला त्याच्या तेराव्याला घरी जातात. वाचनाला सगळे गडाबडा लोळले, स्पर्धेत सभागृह चिडीचूप. कुठे बिघडलं? (छत्रपती संभाजीनगर)

कल्पना झकास आहे. वाचनाला हसले ते तुमचे मित्र. आपला बंड्या सेक्रेटरी झालाय यावरच त्यांचं अर्धं हसू होतं. पुढचं वाचन नटांना अजिबात न ओळखणाऱ्या आठ-दहा जणांपुढे करा, आणि ते कुठे हसतात त्यापेक्षा कुठे खुर्चीत हलतात त्याची संहितेत खूण करा.

पडदा उघडताच हार घातलेला फोटो, उदबत्ती आणि रडणारी बाई असेल, तर प्रेक्षक सुतकात गेला. त्याला तिथून बाहेर काढायला पाच मिनिटं लागतात आणि एकांकिकेत ती नसतात. हसायची परवानगी पहिल्या दीड मिनिटातच द्या, आणि तीही अगदी निरुपद्रवी गोष्टीवर. पदाधिकारी दाराबाहेर उभे आहेत, चपला काढाव्या की नाही यावर ठराव मांडला जातोय, अनुमोदक मिळत नाहीये. हा माणसांचा कोणता प्रकार आहे ते कळलं की पुढचं सगळं पचतं.

विधवा नुसती रडत असेल तर प्रेक्षक तिच्या बाजूने उभा राहतो आणि तुमच्यावर चिडतो. तिला हत्यार द्या. नवऱ्याने जपून ठेवलेल्या पावत्यांची फाइल तिच्याकडे असू द्या, जिभेला धार असू द्या. तिसऱ्या पानाच्या आत तिने पहिला फटका द्यायलाच हवा. एकदा ती परत मारू शकते हे दिसलं की पदाधिकाऱ्यांना कितीही नीच करा, लोक मजेत बघतात.

सेक्रेटरीला नुसता दुष्ट ठेवू नका. त्याला घाबरवा. ३१ मार्चच्या आत थकबाकी वसूल दाखवली नाही तर लेखापरीक्षणात त्याचंच काहीतरी बाहेर येणार आहे, असं काही. मजा म्हणून केलेला दुष्टपणा बघवत नाही. भीतीपोटी केलेल्या दुष्टपणावर हसू येतं, कारण तो माणूस प्रत्येक पावलाला खड्ड्यात जात असतो.

विक्षिप्त नाटकात वेडेपणाचं गृहीतक एकच घ्यावं आणि बाकी हिशेब काटेकोर ठेवावा. तुमच्याकडे सोन्यासारखी संधी आहे. सोसायटीच्या २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज लावता येतं. थकबाकी १८,४०० रुपये धरा. मृत्यूपासून तेराव्यापर्यंतच्या १३ दिवसांचं व्याज १३७ रुपये ६२ पैसे. सेक्रेटरी हा आकडा पिंडापुढे उभा राहून गंभीरपणे वाचतो, आणि खजिनदार म्हणतो, वरचे ६२ पैसे सोडून देऊ, दुःखाचा प्रसंग आहे. अशी दोन वाक्यं वीस शिव्यांना भारी पडतात. याउलट दुसरं गृहीतक आणलं, म्हणजे मृतात्मा बोलू लागला किंवा कावळा पदाधिकारी निघाला, की कोणत्या नियमाने चाललंय ते प्रेक्षकाला कळेनासं होतं.

हे बघायला 'जाने भी दो यारो' पुन्हा लावा. कुंदन शाह यांचा १९८३ चा चित्रपट, मुंबईतले बिल्डर, पूल आणि आयुक्त. प्रेत घेऊन पळता पळता मंडळी महाभारताच्या प्रयोगात शिरतात, तो धुमाकूळ सगळ्यांना आठवतो. पण नीट पाहा, त्या रंगमंचावर प्रत्येक जण स्वतःचा एकच हेतू धरून आहे. कुणाला प्रेत हवंय, कुणाला ते वाचवायचंय, आणि बिचाऱ्या नटांना प्रयोग पुरा करायचाय. गोंधळ लिहिलेला नाही. हेतू लिहिले आहेत, त्यांच्या टकरीतून गोंधळ झाला आहे.

आता तालमीतलं. विनोदी वाक्यानंतर नटाने प्रेक्षकांकडे पाहायचं नाही, भुवई उडवायची नाही, आणि मागून 'ट्यँव' वाजवायचं नाही. हशा यायला सेकंदभर लागतो. पुढचं वाक्य त्याच्यावर चढवलं तर प्रेक्षक ऐकण्यासाठी हसणं दाबतो, आणि एकदा दाबलं की मग हसतच नाही. अपमान पानाला एकच ठेवा, पण त्यावर दोघांच्या प्रतिक्रिया दाखवा. वाक्यापेक्षा ते ऐकणारा चेहरा जास्त हसवतो. त्यासाठी चेहरे दिसले पाहिजेत, तेव्हा निळा अंधूक प्रकाश काढून टाका. घरात पांढरी ट्यूब असते, तसा भरपूर सपाट उजेड द्या.

शेवटच्या चार मिनिटांत सेक्रेटरीला उपरती होऊन तो बाईंच्या पाया पडत असेल, तर ती पानं आजच फाडा. परीक्षक हेलावतील म्हणून तो शेवट लिहिला जातो आणि त्याने आधीची तीस मिनिटं खोटी पडतात. 'जाने भी दो यारो'च्या शेवटी दोन निरपराध माणसं कैद्यांच्या कपड्यांत रस्त्यावर येतात. किंमत कुणी भरली ते दाखवा आणि दिवे घालवा.

प्रश्न: पुणेरी पाट्या खवचट विनोदात मोडतात का? (पुणे)

मोडतात, आणि वरच्या प्रतीत. भाषा सभ्य, 'कृपया' जागच्या जागी, आणि माहिती गरजेपेक्षा एक वाक्य जास्त. सगळं विष त्या जादा वाक्यात. शिवाय वाचणाऱ्याला उलट बोलायला समोर कुणीच नसतं. हल्ली भेटवस्तूंच्या दुकानात छापून मिळणाऱ्या पाट्या मात्र फुसक्या. ज्या दारावर कुणी बेल वाजवून वीट आणलाच नाही, तिथे राग कुठून येणार?

प्रश्न: आमचे विभागप्रमुख निवृत्त होताहेत. निरोपाला हारतुरे नकोत, माझा 'रोस्ट' करा, म्हणजे सगळ्यांसमोर माझी उडवा, असं ते स्वतः म्हणाले. कसा करावा? (मुंबई)

स्वतः म्हणाले हे उत्तम, पण त्यावर विसंबू नका. आधी एकट्याने भेटून विचारा, कोणते विषय नकोत? दोन-तीन सांगतीलच. न सांगितलेलेही काही धरून चाला: शरीर, आजार, बायको-मुलं, जात, धर्म, पगार. उरलं काय? भरपूर. त्यांची फाइलवरची सही, मीटिंगमधली तीच ती वाक्यं, डबा लपवून खाणं, संगणकाशी असलेलं वैर. स्वतः निवडलेल्या सवयींवर बोला. जे त्यांच्या हातात नव्हतं, त्यावर नको.

बोलणारे चारच असू द्या, प्रत्येकी तीन मिनिटं. एकूण पंधरा मिनिटांच्या पुढे गेलं की खोलीत जुने हिशेब निघू लागतात. पहिला वक्ता साहेबांचा सर्वांत जवळचा हवा, त्याने सूर लावून द्यायचा. नव्याने रुजू झालेल्याला अजिबात उभं करू नका. तो काहीही बोलला तरी उद्धट वाटतो. ज्याची बढती साहेबांनी अडवली होती त्यालाही नाही, त्याचं खरं वाटतं. प्रत्येकाने पहिला टोला स्वतःला मारावा. दारू असेल तर रोस्ट आधी, दारू नंतर. शेवटचा शब्द साहेबांचा, आणि त्यांना वेळेची मर्यादा नाही. न्यूयॉर्कच्या फ्रायर्स क्लबने ही प्रथा रूढ केली, त्यात ज्याची उडवायची त्यालाच शेवटी सगळ्यांचा समाचार घेऊ देतात. ते काढून टाकलं तर उरते नुसती झुंडशाही.

आणि मोबाइल बंद. २० डिसेंबर २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय संकुलात एआयबी या विनोदी गटाचा रोस्ट झाला. करण जोहर सूत्रधार, रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर यांची उडवायची, प्रेक्षक तिकीट काढून आलेले, पैसे धर्मादायाला. सभागृहात कुणाची तक्रार नव्हती. जानेवारीअखेर तेच चित्रण यूट्यूबवर गेलं, पोलिसांत तक्रारी झाल्या आणि काही दिवसांत ते काढून घ्यावं लागलं. ज्यांच्यावर बोललं गेलं त्यांनी परवानगी दिली होती, जे आले त्यांनी तिकीट काढलं होतं. घरी फोनवर बघणाऱ्याने यातलं काहीच केलं नव्हतं. तुमच्या कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलेल्या तीस सेकंदांच्या तुकड्याचं तेच होतं, कारण त्यात साहेब हसताना दिसत नाहीत.

प्रश्न: शनिवारी एका बैठकीत 'पीप शो' या ब्रिटिश मालिकेचं अख्खं पर्व पाहिलं. मजा आली, पण रविवारभर सगळ्याच माणसांचा वीट आला होता. प्रमाण काय असावं? (मडगाव)

दोन भाग, फार तर. 'पीप शो'च्या बाबतीत तर नक्कीच. २००३ ते २०१५ या काळातल्या त्या ५४ भागांत कॅमेरा बहुतेक वेळ पात्राच्या डोळ्यांच्या जागी असतो आणि मार्क व जेरेमी या दोन नायकांच्या मनातले विचार ऐकू येतात. म्हणजे भ्याड, हिशेबी, मत्सरी विचार तुम्ही आतून ऐकता. इतर मालिकांत कुजकटपणा बाहेरून दिसतो. इथे तो तुमच्याच डोक्यात बोलतोय असं वाटतं. सहा भाग सलग ऐकल्यावर तो आवाज लगेच थांबत नाही, आणि मग रविवारी पाववाल्याबद्दलही तसलंच काही सुचू लागतं.

नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत. खवचट विनोद बहुतेक मधल्या पट्टीतच खेळतो. नाकातून फुस्स, मग लगेच आवळलेला जबडा. पोट धरून हसल्यावर येणारं सैलपण त्यात नसतं, त्यामुळे शिणवटा साठतो. दोन भागांनंतर धावपळीचं, निर्विष काहीतरी वीस मिनिटं लावा. रात्री झोपण्याआधी तर असं काहीतरी हवंच. एकट्याने बघत असाल तर एकच भाग पुरे. दोघांत बघताना मध्ये बोलणं होतं आणि त्या बोलण्यात बराचसा कडवटपणा निघून जातो.

चौथ्या पर्वाचा पाचवा भाग जेवताना लावू नका. त्यात जेरेमीच्या हातून एक कुत्रा मरतो आणि पुरावा लपवण्यासाठी तो जे करतो, ते ताट समोर असताना बघण्यासारखं नाही. घरात कुत्रा असेल तर तो भाग वगळा. सहाव्याला त्यावाचून काही अडत नाही.